विश्लेषण : समुद्रात माशांची पिल्ले जगतात कशी? हा हिशेब मांडणारे योहान यॉर्ट कोण होते?

एखाद्या वर्षी जाळी फाटतील इतकी मासळी मिळते, तर दुसऱ्या वर्षी डिझेलचा खर्चही निघत नाही. कोकणातल्या तारलीच्या बाबतीत मच्छीमारांना हा अनुभव नवा नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी नॉर्वेच्या किनाऱ्यावर हाच प्रश्न इतका पेटला होता की त्यावरून दंगल झाली आणि लष्कर बोलवावे लागले. त्या काळात नॉर्वेचे मत्स्यशास्त्रज्ञ योहान यॉर्ट यांनी या चढउताराचे कारण शोधण्याची पद्धतच बदलली. सॅल्मनची पिल्ले नदीमुखातून समुद्रात गेल्यावर त्यातली किती आणि का वाचतात, याचा जो अभ्यास आज कॅनडापासून स्कॉटलंडपर्यंत चालतो, त्याची मुळे त्यांच्या कामात आहेत.

प्रश्न नेमका काय होता?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नॉर्वेचे पोट मासळीवर चालत होते. हिवाळ्यात लोफोटेन बेटांजवळ येणारा कॉड आणि वसंतात पश्चिम किनाऱ्यावर अंडी घालायला येणारा हेरिंग हे तिथले दोन मोठे हंगाम. पण त्यांचा भरवसा नसे. काही वर्षे हेरिंगच्या राशी लागत, मग तो जणू गायब होई. गावे ओस पडत, कर्जे थकत, माणसे अमेरिकेची वाट धरत.

यावर रूढ उत्तर एकच होते. मासे आहेत तेवढेच आहेत, फक्त ते दुसरीकडे गेले. कुणी प्रवाहांना दोष देई, कुणी पाण्याच्या तापमानाला, कुणी शेजारच्या गावाच्या जाळ्यांना. मासे कमी जन्मले किंवा कमी जगले असतील, ही शक्यता फारशी कुणी तपासली नव्हती. तपासायची तरी कशी? त्यासाठी माशाचे वय कळायला हवे, आणि समुद्रातल्या माशाचे वय कोण सांगणार?

यॉर्ट कोण होते?

योहान यॉर्ट यांचा जन्म १८ फेब्रुवारी १८६९ रोजी क्रिस्तियानिया म्हणजे आजच्या ऑस्लो शहरात झाला. वडील नेत्रविकारांचे प्राध्यापक होते. मुलाने डॉक्टर व्हावे अशी घरची इच्छा. त्याप्रमाणे यॉर्ट यांनी वैद्यकीय शिक्षण सुरूही केले, पण मन प्राणिशास्त्रात होते. ते जर्मनीत म्युनिकला गेले, रिचर्ड हर्टविग यांच्या हाताखाली शिकले आणि १८९२ मध्ये डॉक्टरेट मिळवली. इटलीतल्या नेपल्सच्या प्रसिद्ध सागरी प्रयोगशाळेतही त्यांनी काम केले.

मायदेशी परतल्यावर विद्यापीठाच्या संग्रहालयात नोकरी मिळाली आणि सोबत सरकारकडून मत्स्यव्यवसायाच्या अभ्यासाचे काम. सूक्ष्मदर्शकाखाली समुद्री जीवांची वाढ पाहणारा हा तरुण अशा रीतीने बंदरावर आणि होड्यांत पोहोचला. नॉर्वेच्या फियोर्डमध्ये खोल पाण्यात भरपूर कोळंबी आहे आणि ती खेचजाळ्याने काढता येते, हे त्यांच्या पाहणीतून पुढे आले. त्यातून एक नवा व्यवसाय उभा राहिला. विज्ञानाने आपल्याला चार पैसे मिळू शकतात, हे मच्छीमारांनी तेव्हा पाहिले.

१९०० मध्ये ते बर्गेन येथे मत्स्य प्रशासनात रुजू झाले. त्याच वर्षी 'मिखाएल सार्स' ही वाफेवर चालणारी संशोधन नौका पाण्यात उतरली. तिची बांधणी ब्रिटिश ट्रॉलरच्या धर्तीवर होती. पहिल्याच वर्षी ध्रुवीय संशोधक फ्रिड्त्यॉफ नान्सेन यांच्यासोबत यॉर्ट यांनी तिच्यावरून नॉर्वेजियन समुद्राची पाहणी केली. १९०२ मध्ये कोपनहेगनला समुद्र संशोधनाची आंतरराष्ट्रीय परिषद स्थापन झाली. तिच्या उभारणीत त्यांचा वाटा होता, आणि मासळीच्या स्थलांतराचा अभ्यास करणाऱ्या समितीची सूत्रे त्यांच्याकडे आली. १९०६ मध्ये ते नॉर्वेचे मत्स्यसंचालक झाले.

दंगल कशावरून झाली?

उत्तरेकडच्या फिनमार्कमध्ये मच्छीमारांची एक ठाम समजूत होती. देवमासे छोट्या कॅपेलिन माशांना किनाऱ्याकडे हाकतात आणि त्यांच्या मागे कॉड येतो. त्यामुळे कंपन्या देवमासे मारू लागल्या की कॉड येणार नाही. शतकाच्या सुरुवातीला कॉडचा हंगाम सलग बिघडला. किनाऱ्यावर सीलचे कळप आले, जाळ्यांचे नुकसान झाले आणि लोकांचा संताप वाढत गेला.

यॉर्ट यांनी याचा अभ्यास करून १९०२ मध्ये अहवाल दिला. देवमाशांची शिकार आणि कॉडचा दुष्काळ यांचा संबंध दिसत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. उपाशी माणसाला हा निष्कर्ष पटणे अवघडच. १९०३ च्या उन्हाळ्यात मेहाम्न गावी मच्छीमारांच्या जमावाने देवमासे प्रक्रिया केंद्र मोडून टाकले आणि सरकारला सैनिक पाठवावे लागले. पुढे १९०४ पासून उत्तर नॉर्वेच्या किनाऱ्यावर देवमाशांच्या शिकारीवर दहा वर्षांची बंदी आली.

संसदेने शास्त्रज्ञाचे ऐकले नाही. पण यॉर्ट यांच्या दृष्टीने खरी उणीव वेगळी होती. मासे का आले नाहीत, याचे पर्यायी उत्तर त्यांच्याकडेही नव्हते. केवळ लोकांची समजूत चुकीची आहे एवढे सांगून भागणार नव्हते.

उबवणी केंद्राचा वाद काय होता?

दुसरा वाद दक्षिणेत पेटला. आरेंडालजवळ फ्लोडेविगेन येथे कॅप्टन डॅनेविग यांनी १८८० च्या दशकात कॉडची अंडी उबवण्याचे केंद्र उभारले होते. तिथे दरवर्षी कोट्यवधी पिल्ले फियोर्डमध्ये सोडली जात. हिशेब सरळ वाटे : जितकी जास्त पिल्ले सोडू, तितके जास्त मासे मिळतील.

यॉर्ट आणि त्यांचे सहकारी क्नुट डाल यांनी फियोर्डमध्ये जाळी टाकून लहान कॉड मोजायला सुरुवात केली. जिथे पिल्ले सोडली नव्हती तिथेही ती मुबलक सापडली. कोणत्या वर्षी किती सापडतात, याचा सोडलेल्या संख्येशी मेळ लागेना. डॅनेविग यांना हे मान्य नव्हते. दोन्ही बाजूंनी मिळून पाहणी केली, पण त्याच आकड्यांचा अर्थ दोघांनी आपापल्या परीने लावला. केंद्रातून पिल्ले सोडणे त्यानंतरही अनेक दशके, १९७१ पर्यंत, चालू राहिले.

या वादातून यॉर्ट यांच्या मनात एक मुद्दा पक्का झाला. कॉडची एक मादी एका हंगामात लाखो अंडी घालते. त्यामुळे अंडी कमी पडतात म्हणून मासे कमी होतात, हे संभवत नाही. खरा प्रश्न अंड्यातून बाहेर आलेल्यांपैकी किती टिकतात, हा आहे.

खवल्यांवरून वय कसे कळते?

झाडाच्या खोडात वर्षागणिक वलये पडतात, तशीच माशाच्या खवल्यावरही पडतात. उन्हाळ्यात खाणे भरपूर, म्हणून वाढ जलद आणि रेषा विरळ. हिवाळ्यात वाढ मंद, म्हणून रेषा दाट. दाट पट्टे मोजले की माशाने किती हिवाळे काढले ते समजते.

सॅल्मनच्या खवल्यावर तर दोन आयुष्ये लिहिलेली असतात. हा मासा नदीत जन्मतो, काही वर्षे गोड्या पाण्यात काढतो, मग समुद्रात जातो आणि मोठा होऊन अंडी घालायला नदीत परततो. नदीतल्या वर्षांच्या रेषा अगदी जवळजवळ असतात. समुद्रात पोहोचताच त्यांतले अंतर एकदम वाढते. क्नुट डाल यांनी १९१० मध्ये नॉर्वेतल्या सॅल्मन आणि ट्राउट माशांचे वय आणि वाढ खवल्यांवरून कशी कळते, यावर ग्रंथ लिहिला. एखादा सॅल्मन किती वर्षे नदीत होता आणि किती समुद्रात, हे त्यातून वाचता येऊ लागले.

यॉर्ट यांनी हीच पद्धत हेरिंगला मोठ्या प्रमाणावर लावली. त्यांचे तरुण सहकारी आयनार लेआ यांनी हजारो खवले तपासले. यॉर्ट यांची खरी कल्पकता मात्र त्या मोजणीचा उपयोग करण्यात होती. देशाची जनगणना होते, विमा कंपन्या वयानुसार जन्ममृत्यूचे तक्ते करतात, तसेच माशांचे करावे, असे त्यांनी मांडले. एक मासा किती वर्षांचा, यापेक्षा एका हंगामाच्या मासळीत कोणत्या वर्षी जन्मलेले किती, हे पाहायचे.

याला विरोधही झाला. स्कॉटलंडचे नामवंत प्राणिशास्त्रज्ञ डार्सी थॉम्प्सन यांना खवल्यांच्या वलयांवर इतका विश्वास ठेवणे पटत नव्हते. या आक्षेपांना यॉर्ट यांच्या गटाने वर्षानुवर्षे आणखी नमुने जमवून उत्तर दिले.

१९०४ ची पिढी का गाजली?

मोजणी सुरू झाल्यावर काही वर्षांतच एक विलक्षण गोष्ट दिसली. १९०४ मध्ये जन्मलेले हेरिंग १९०८ च्या सुमारास अंडी घालणाऱ्या थव्यांत मोठ्या संख्येने दिसू लागले. १९१० मध्ये वसंत हंगामातल्या हेरिंगपैकी तीनचतुर्थांशाहून अधिक एकट्या त्या वर्षी जन्मलेले होते. १९१४ मध्ये, म्हणजे दहा वर्षांचे झाल्यावरही, निम्म्याहून अधिक मासळी त्यांचीच होती. त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या वर्षांत जन्मलेले मासे त्यांच्यापुढे नगण्य होते.

म्हणजे चांगले हंगाम एकाच भरभराटीच्या पिढीवर चालले होते. ती पिढी म्हातारी झाली आणि मागून तशी दुसरी आली नाही, तर मंदी येणार हे उघड होते. मासे दुसरीकडे गेले, या जुन्या उत्तराची जागा नव्या उत्तराने घेतली : काही वर्षी पिल्ले मोठ्या संख्येने जगतात, बहुतेक वर्षी जगत नाहीत. मासेमारीचा अंदाज काही वर्षे आधी बांधता येईल, ही शक्यताही यातूनच निर्माण झाली.

'निर्णायक काळ' म्हणजे काय?

यॉर्ट यांनी १९१४ मध्ये उत्तर युरोपातल्या मासेमारीच्या चढउतारांवर एक दीर्घ ग्रंथ प्रसिद्ध केला. एखादी पिढी भरभराटीची आणि दुसरी दुबळी का ठरते, याची दोन कारणे त्यांनी त्यात मांडली.

पहिले कारण अन्नाचे. अंड्यातून बाहेर पडलेल्या पिल्लाच्या पोटाशी पिवळ्या बलकाची पिशवी असते. त्या शिदोरीवर काही दिवस निघतात. ती संपली की पिल्लाला स्वतः खायला मिळवावे लागते. नेमक्या त्याच दिवसांत पाण्यात सूक्ष्म प्लवंग पुरेसे असतील, तर पिल्ले तरतात. प्लवंगांची वाढ उशिरा झाली, तर बहुतेक उपासमारीने मरतात. पिढीचे भवितव्य या थोड्या दिवसांत ठरते, म्हणून तो निर्णायक काळ.

दुसरे कारण प्रवाहाचे. पोहण्याची ताकद नसलेली पिल्ले पाण्यासोबत वाहत जातात. प्रवाहाने ती योग्य ठिकाणी नेली तर ठीक, भलतीकडे नेली तर परत येता येत नाही.

दोन्ही कारणांत एक गोष्ट समान आहे. आईबाप मासे किती होते यावर सगळे ठरत नाही. समुद्राची त्या वर्षीची स्थिती तितकीच, कधी कधी जास्त, महत्त्वाची ठरते. म्हणूनच माशांचा अभ्यास करणाऱ्याने प्लवंग, क्षार, तापमान आणि प्रवाह यांचाही अभ्यास केला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

अटलांटिकच्या मोहिमांतून काय साधले?

हा आग्रह त्यांनी स्वतः पाळला. १९१० मध्ये 'मिखाएल सार्स' नौका उत्तर अटलांटिकच्या मोठ्या मोहिमेवर निघाली. 'चॅलेंजर' मोहिमेतले अनुभवी संशोधक सर जॉन मरे यांनी खर्च उचलला, नॉर्वेने नौका आणि शास्त्रज्ञ दिले. प्रवाहांचे अभ्यासक ब्यॉर्न हेलांड-हान्सेन आणि प्लवंगांचे अभ्यासक हाकोन ग्रान सोबत होते. या मोहिमेवर आधारलेला मरे आणि यॉर्ट यांचा 'द डेप्थ्स ऑफ द ओशन' हा ग्रंथ १९१२ मध्ये आला आणि पुढच्या पिढ्यांसाठी समुद्रविज्ञानाचे पाठ्यपुस्तक ठरला.

१९१४-१५ मध्ये कॅनडाने त्यांना बोलावले. सेंट लॉरेन्सचे आखात आणि अटलांटिक किनाऱ्याची पाहणी त्यांच्या नेतृत्वाखाली झाली. तिथे त्यांच्यासोबत काम केलेले ए. जी. हंट्समन पुढे अटलांटिक सॅल्मनच्या भ्रमंतीचे मोठे अभ्यासक झाले.

संचालकपद का सोडले?

पहिल्या महायुद्धात नॉर्वे तटस्थ होते, पण त्याची मासळी दोन्ही बाजूंना हवी होती. जर्मनीला ती मिळू नये म्हणून ब्रिटनने खरेदीचा गुप्त करार केला. १९१६ च्या या वाटाघाटींत यॉर्ट नॉर्वेच्या बाजूने होते. याच प्रकरणात सरकारशी मतभेद झाले आणि त्यांनी संचालकपद सोडले. काही काळ ते केंब्रिजला राहिले. १९२० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना परदेशी सदस्यत्व दिले. १९२१ पासून ते ऑस्लोत सागरी जीवशास्त्राचे प्राध्यापक होते.

देवमाशांच्या प्रश्नाशी ते पुन्हा कसे जोडले गेले?

दंगलीच्या काळात ज्या विषयाने त्यांना गाठले होते, तो आता वेगळ्या रूपात समोर आला. अंटार्क्टिकात तरंगते कारखाने देवमासे मारत होते. एकट्या १९३०-३१ च्या हंगामात सुमारे २९ हजार निळे देवमासे मारले गेले. देवमासा लाखो अंडी घालत नाही. मादीला एका वेळी एकच पिल्लू होते. इथे आईबापांची संख्याच सर्वस्व होती.

यॉर्ट यांनी शिकारीची पद्धतशीर आकडेवारी जमवण्यावर भर दिला. १९३३ मध्ये संख्याशास्त्रज्ञ गुन्नार यान आणि पेर ओट्टेस्टाड यांच्यासोबत त्यांनी इष्टतम शिकारीवर निबंध लिहिला. साठा न घटता वर्षाला किती मारता येतील, याचे गणित त्यात होते. मासेमारीच्या नियमनात पुढे गाजलेल्या शाश्वत उत्पादनाच्या कल्पनेची ही सुरुवातीची मांडणी. पण कंपन्यांच्या शर्यतीपुढे गणित तोकडे पडले आणि निळे देवमासे घटतच गेले.

अखेरची वर्षे कशी गेली?

१९३८ मध्ये ते समुद्र संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेचे अध्यक्ष झाले. लगेच दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि नॉर्वे जर्मनीच्या ताब्यात गेले. कुटुंबालाही त्याची झळ बसली. त्यांचा वकील मुलगा योहान बर्नहार्ड १९३३ मध्ये क्विसलिंगच्या नाझीधार्जिण्या पक्षाच्या संस्थापकांत होता, पण १९३७ मध्ये तो बाहेर पडला आणि पुढे नाझी राजवटीला विरोध केल्याने १९४१ मध्ये अटक होऊन जर्मनीत स्थानबद्ध झाला. तिथेच राहणाऱ्या नात वांडा हिने छळछावणीतल्या नॉर्वेजियन कैद्यांना अन्न पोहोचवले आणि त्यांची नावे जमवली. १९४५ मध्ये कैद्यांच्या सुटकेच्या वेळी ती माहिती कामी आली.

युद्धानंतरही यॉर्ट परिषदेच्या अध्यक्षपदी होते. ७ ऑक्टोबर १९४८ रोजी ऑस्लोत त्यांचे निधन झाले.

सॅल्मनच्या अभ्यासात त्यांचा विचार कुठे दिसतो?

निर्णायक काळाची कल्पना जशीच्या तशी टिकली नाही. पहिल्या आहाराच्या काही दिवसांतच सारे ठरते असे नाही, हे पुढच्या संशोधनात दिसले. मोठ्या माशांकडून फस्त होणे, तापमान आणि नंतरच्या महिन्यांतली वाढ यांचाही वाटा असतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ डेव्हिड कुशिंग यांनी त्याच कल्पनेतून पिल्लांची वेळ आणि प्लवंगांची वेळ जुळणे किंवा न जुळणे हा सिद्धांत विकसित केला.

सॅल्मनचे अंडे मोठे असते आणि पिल्लू नदीतच खायला शिकते. त्यामुळे त्याची समुद्रातली परीक्षा नंतर येते. समुद्राकडे निघताना त्याचे अंग चंदेरी होते. खारे पाणी पेलण्यासाठी कल्ले आणि मूत्रपिंडांचे काम बदलते. नदीमुखात गोडे आणि खारे पाणी मिसळते, तिथे ते खाते, वाढते आणि पक्ष्यांच्या व मोठ्या माशांच्या तोंडी सापडते. कॅनडाचे रिचर्ड बीमिश आणि अमेरिकेचे कॉनराड मानकेन यांनी २००१ मध्ये पॅसिफिक सॅल्मनबाबत निर्णायक आकाराची कल्पना मांडली. समुद्रात शिरताच बरीच पिल्ले शिकार होतात. उरलेल्यांपैकी जी पहिल्या हिवाळ्याआधी पुरेशी वाढत नाहीत, ती थंडीत मरतात. निर्णायक काळ हा शब्द इथे थेट यॉर्ट यांच्या परंपरेतून आला आहे.

उबवणी केंद्रांचा जुना वादही संपलेला नाही. पॅसिफिक किनाऱ्यावर दरवर्षी कोट्यवधी सॅल्मन पिल्ले सोडली जातात, पण परतणाऱ्या माशांची संख्या सोडलेल्या संख्येच्या प्रमाणात वाढतेच असे नाही. समुद्र तापू लागल्याने प्लवंगांच्या वेळा बदलत आहेत आणि नदीतून निघालेल्या पिल्लांना समोर काय वाढून ठेवले असेल, हा प्रश्न दर वर्षी नव्याने पडतो. त्याचे उत्तर शोधायला आजही खवले तपासले जातात, पिल्ले मोजली जातात आणि त्यासोबत समुद्रही मोजला जातो.